मचूळ पाणी, तेरा पाहुणे आणि एक स्टार

मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास आमच्या सासूबाईंनी टाकीचा मेन कॉक बंद केला. त्या वेळी एक पाहुण्या बाई न्हाणीघरात अंगाला साबण लावून उभ्या होत्या. पाच मिनिटांनी त्यांचा मुलगा अंगणात येऊन ओरडू लागला, आणि सासूबाई त्याला म्हणाल्या, "पाणी काय तुमच्या बापाचं आहे का?"

आमच्या छोट्या गेस्टहाउसच्या आठ वर्षांतला हा सगळ्यात वाईट क्षण. या गोष्टीला तीन वर्षं झाली. आता किनाऱ्यावर घरोघरी खोल्या निघाल्या आहेत आणि दर मे महिन्यात कुणाकडे ना कुणाकडे असं काही घडतं. त्यात पाहुण्यांचं काय चुकलं, आमचं काय चुकलं, हे आम्ही बऱ्याच उशिरा आणि बरंच भांडून शोधून काढलं. ते जसं सापडलं तसं मांडते.

घर आणि विहीर

आमचं घर गुहागरला, समुद्राच्या अंगाला. इथल्या वाड्या रस्त्यापासून समुद्रापर्यंत चिंचोळ्या पट्टीसारख्या गेलेल्या. पुढे घर, मागे माड-पोफळी, मग सुरूचं बन, आणि त्यापलीकडे पुळण. चार खोल्या आम्ही निवास-न्याहारीसाठी काढल्या. सकाळी घावन-चटणी, दुपारी सांगितलं तर जेवण. पाहुणे बहुतेक पुण्या-मुंबईचे, काही कोल्हापूर-कराडकडचे. चिपळूणला उतरून एसटीने येणारेही असतात.

विहीर वाडीच्या मध्यावर आहे. जांभ्यात बांधलेली, वीस-बावीस फूट खोल, भरतीच्या रेषेपासून सव्वादोनशे पावलांवर. घर, खोल्या आणि पोफळींचं शिपणं, सगळं तिच्यावर. मी घाटावरची, नळाच्या पाण्यावर वाढलेली. लग्न होऊन आले तेव्हा समुद्राच्या इतक्या जवळ गोडं पाणी कसं लागतं याचंच मला नवल वाटायचं. ते का लागतं, हे मात्र या प्रकरणानंतरच नीट समजून घेतलं.

पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि जमिनीखाली पसरलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, कारण गोडं पाणी वजनाला थोडं हलकं. हिशेब असा की गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या वर एक फूट असेल, तर समुद्रसपाटीच्या खाली सुमारे चाळीस फूट गोडं पाणी असतं. हा हिशेब उलटाही चालतो. वरचं पाणी फूटभर उपसलं, की खालच्या खाऱ्या पाण्याला चाळीस फुटांपर्यंत वर सरकायला वाट मिळते. जोराने उपसा केला तर पंपाखाली ते उंचवट्यासारखं वर चढतं. तेव्हा विहीर आटत नाही. पाणी दिसतं तेवढंच, पण मचूळ होतं. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही, चहा तोंडात धरवत नाही.

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो. पण तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबरात. मे महिन्यात विहीर वर्षातल्या सगळ्यात खालच्या पातळीवर असते आणि नेमके तेव्हाच पाहुणे सगळ्यात जास्त. सासऱ्यांच्या लहानपणी विहिरीवर रहाट होता. रहाट सावकाश फिरायचा, वरवरचं पाणी काढायचा आणि बैल दमला की थांबायचा. पंपाला दम लागत नाही, आणि आमच्या पंपाचा फुटव्हॉल्व्ह, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपच्या खालच्या तोंडाचा व्हॉल्व्ह, तळापासून जेमतेम फूटभर वर होता.

त्या शनिवारी काय झालं

फोनवर आठ माणसांसाठी दोन खोल्या सांगितल्या होत्या, दोन रात्री. शुक्रवारी रात्री कुंभार्ली घाट उतरून दोन गाड्या आल्या, त्यांतून तेरा माणसं उतरली. आजी-आजोबा, तीन भावांची कुटुंबं, मुलं. सासरे म्हणाले, दारात आलेल्या माणसाला रात्री परत पाठवायचं नाही. आम्ही जास्तीच्या गाद्या घातल्या आणि प्रत्येक गादीचे पैसे लावले. वहीत एकाच माणसाचं नाव आणि एकच आधारची झेरॉक्स. पोलिसांनी वही मागितली असती तर बारा माणसं कागदावर नव्हतीच.

शनिवारी ती मंडळी तीनदा समुद्रावर गेली आणि तीनदा येऊन शॉवरखाली अंघोळ केली. आमचा शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी सोडायचा. वाळू निघेपर्यंत माणूस आठ-दहा मिनिटं उभा राहतो, म्हणजे एका अंघोळीला ऐंशी लिटर धरा. तेरा माणसं, तीन वेळा. तीन हजारांवर पाणी तिथेच गेलं. दुपारी मुलांचा हवा भरायचा पूल अंगणात मांडला गेला, तो अडीच हजार लिटरचा. घरचं, स्वयंपाकाचं, संडासांचं, दुसऱ्या दोन खोल्यांतल्या चौघांचं मिळून दीडेक हजार. दिवसअखेर सात हजार लिटर.

हा आकडा आम्ही नंतर कागदावर मांडला तेव्हा मला वाटलं, झालं, दोष कुणाचा ते ठरलं. माझ्या नवऱ्यालाही तसंच वाटलं. पण सासरे म्हणाले, "शनिवारी शिपण्याची पाळी होती ना?"

होती. पोफळींना पाळीपाळीने पाणी देतो. एका पाळीला चाळीस झाडं, झाडाला शंभर लिटर, म्हणजे चार हजार. गड्याने नेहमीप्रमाणे संध्याकाळी पंप लावला आणि पाळी पुरी केली. खोल्या भरलेल्या असताना रोज तीन हजार आणि पाळीच्या दिवशी वर चार हजार, असे सात हजार आमची विहीर मे महिन्यातही देत आली होती. त्या दिवशी अकरा हजार उपसले गेले. एकट्या पाहुण्यांच्या पाण्याने ती मचूळ झाली नसती. पाळी एक दिवस पुढे ढकलली असती तर निभावलं असतं, आणि ते कुणाच्या लक्षातच आलं नाही, कारण पाहुण्यांचं पाणी आणि वाडीचं पाणी असा एकत्र हिशेब आमच्या घरात कधी झालाच नव्हता.

आणखी एक गोष्ट नंतर कळली. पूल भरायला वाडीतला पाइप आमच्याच गड्याने आणून नळाला लावून दिला होता. मुलांनी मागितला, त्याने दिला. त्याला नाही म्हणायला कुणी सांगितलेलंच नव्हतं.

रविवारी सकाळी सासूबाईंनी चहाचं पाणी चाखलं आणि त्यांना कळलं. चाळीस वर्षं या विहिरीचं पाणी प्यायलेल्या बाईला मीटर लागत नाही. वर पाहिलं तर टाकीतून पाणी वाहतंय, तिन्ही न्हाणीघरांतून शॉवरचा आवाज. नवरा चिपळूणला सामानाला गेलेला, मी स्वयंपाकघरात घावनांवर. त्यांनी कॉक फिरवला. न सांगता फिरवला. पुढचं वर लिहिलंच आहे.

मी त्यांची बाजू घेणार नाही. त्यांचं चुकलंच. पण ज्या बाईने दुष्काळी मे महिन्यात कळशीने पाणी मोजून अख्खं घर चालवलं, तिच्या घशात त्या क्षणी काय आलं असेल ते मला समजतं. ती मंडळी दुपारी पैसे देऊन, एक शब्द न बोलता निघून गेली. त्यांच्या आजी तेवढ्या सासूबाईंना नमस्कार करून गेल्या.

दोन रिव्ह्यू

सोमवारी साठीच्या पुढचं एक जोडपं आलं. विहिरीबद्दल आम्ही त्यांना काहीच सांगितलं नाही. आमचा फिल्टर यूव्हीचा होता. तो जंतू मारतो, पण पाण्यातले क्षार कमी करत नाही. म्हणजे आम्ही त्यांना फिल्टरचं म्हणून जे पाणी दिलं तेही खारटच. मंगळवारी फिल्टर दुरुस्तीवाल्याच्या मीटरवर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, 1650 आला. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक 500 पर्यंत चांगलं मानतं आणि दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतं. कागदावर ते चाललं असतं, जिभेवर नाही. त्यांनी दोन स्टार दिले आणि लिहिलं की माणसं चांगली आहेत, पण चहा खारट, आणि विचारलं तर "होईल ठीक" म्हणाले.

त्याच रात्री आदल्या कुटुंबाचा रिव्ह्यू आला. एक स्टार. "अंघोळ करताना पाणी बंद केलं. विचारलं तर म्हणाल्या, पाणी काय तुमच्या बापाचं आहे का. पैसे घेऊन भीक घातल्यासारखं पाणी देतात. जाऊ नका."

तोपर्यंत आमचे अठ्ठेचाळीस रिव्ह्यू होते आणि सरासरी 4.8. हे दोन धरून ती 4.7 झाली. आकड्याने पाहिलं तर काहीच बिघडलं नव्हतं. पण पाहुणा आकडा बघून थांबत नाही. तो सगळ्यात वाईट रिव्ह्यू उघडून वाचतो, मीही दुसरीकडे जायचं असेल तेव्हा तेच करते. पुढच्या पंधरवड्यात तिघांनी फोनवर सरळ विचारलं, "पाणी असतं ना तुमच्याकडे?"

उत्तर लिहिताना

नवऱ्याने त्याच रात्री उत्तर लिहिलं. आठचे तेरा आले, पूल भरला, विहीर खराब केली, दुसऱ्या पाहुण्यांचे हाल केले, असं सगळं. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. मी फोन काढून घेतला आणि म्हटलं, उद्या संध्याकाळपर्यंत काही टाकायचं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही ओट्यावर बसून प्रत्येक वाक्य तपासलं. तेरा माणसं आली हे खरं. पण गाद्यांचे पैसे आपण घेतले. पैसे घेतले त्या क्षणी ती तक्रार संपली, आता ती काढणं म्हणजे दोन्ही हातांनी घेणं. पूल भरला हे खरं, पण पाइप आपण दिला. विहीर खराब झाली हे खरं, पण निम्मं कारण आपलं शिपणं. "दारामागे नियम लिहिलेले आहेत," हे नवऱ्याचं शेवटचं वाक्य. मी उठून दारामागचा कागद वाचला. सहावा नियम, "पाणी जपून वापरा." असा कागद रेल्वे स्टेशनपासून मंगल कार्यालयापर्यंत सगळीकडे लावलेला असतो आणि तो कुणीच वाचत नाही. त्यात विहीर नव्हती, समुद्र नव्हता, किती म्हणजे जपून तेही नव्हतं.

रिव्ह्यू काढून टाकण्यासाठी तक्रार करावी असंही एकाने सुचवलं. गुगलवर खोटा, शिवराळ किंवा जागेशी संबंध नसलेला मजकूर असेल तर तशी तक्रार करता येते. हा रिव्ह्यू खरा होता. त्यातलं वाक्य आमच्याच घरात बोललं गेलं होतं. आम्ही तक्रार केली नाही, आणि आजही ते बरोबर वाटतं.

शेवटी हे उत्तर टाकलं: "ताई, तुम्ही अंघोळ करत असताना न सांगता पाणी बंद केलं, ही आमची चूक. त्यानंतर जो शब्द बोलला गेला तो तर कुणालाच बोलू नये असा होता. त्याबद्दल आम्ही घरातले सगळे मनापासून माफी मागतो. आमची विहीर समुद्रालगत आहे. मे महिन्यात उपसा जास्त झाला की पाणी खारं होतं. हे तुम्ही येण्याआधी आम्ही सांगायला हवं होतं, ते सांगितलं नाही. आता बुकिंगच्या वेळीच सांगतो."

नवऱ्याला हे पडतं घेणं वाटलं. माझं म्हणणं होतं की हे उत्तर त्या ताईंइतकंच पुढच्या मे महिन्यात खोली शोधणाऱ्या माणसासाठी आहे. त्याला आमच्याकडे पाणी असतं का, ते का कमी पडतं, आणि ही माणसं चूक कबूल करतात का, या तीनच गोष्टी कळायला हव्यात. आमच्या पाहुण्याने काय काय केलं याची यादी वाचून तो एवढंच समजेल, की उद्या आपलीही अशीच यादी लागेल.

जोडप्याला फोन केला, खरं कारण सांगितलं आणि एका रात्रीचे पैसे परत पाठवले. रिव्ह्यूचं नाव काढलं नाही. पैसे देऊन रिव्ह्यू बदलायला लावणं गुगलच्या नियमांत बसत नाही, आणि ते नियमात बसलं असतं तरी मला जमलं नसतं. त्यांचे दोन स्टार आजही तसेच आहेत.

उत्तर टाकल्यावर चौथ्या दिवशी सासूबाईंनी माझ्याकडे त्या ताईंचा नंबर मागितला. मी म्हटलं, लिहिलंय ना आपण. त्या म्हणाल्या, "लिहिलंस तू. बोलले मी." त्यांनी फोन लावला. "ताई, मी गुहागरहून बोलत्ये. त्या दिवशी पाणी बंद केलं ते चुकलं, आणि बोलले ते फारच चुकलं." पलीकडे बराच वेळ शांतता. मग त्या ताई म्हणाल्या, "काकू, पाण्याचं जाऊ द्या. तुम्ही माझ्या मुलासमोर तसं बोललात, ते लागलं." थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं की विहीर आता कशी आहे, आणि म्हणाल्या, "पूल भरू नका असं कुणी म्हणालं असतं तर आम्ही भरलाच नसता."

हे वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही. आम्ही आठवडाभर त्यांना बेफिकीर ठरवत होतो. त्यांना माहीतच नव्हतं. शहरात टाकी भरून वाहिली तर पाणी वाया गेलं असं वाटतं. विहिरीची चवच बदलेल, हे तिथल्या माणसाला कुठून सुचणार? मला तरी कुठे ठाऊक होतं?

त्यानंतर काय बदललं

सगळ्यात आधी पाणी. फुटव्हॉल्व्ह दोन फूट वर घेतला, म्हणजे पंप वरचं पाणी ओढतो. पंप सलग चालवायचा नाही, वीस मिनिटं चालवून दोन तास विश्रांती. विहिरीच्या आतल्या जांभ्यावर चुन्याची रेघ मारली आहे, पातळी तिच्याखाली गेली की त्या दिवशी पंप बंद. मीटर घरात घेतला आणि सासरे रोज सकाळी आकडा वहीत लिहितात. त्या वर्षी दहा दिवसांनी 900 आला आणि पाऊस सुरू झाल्यावर पुढे कधीतरी 400 च्या खाली. खोल्या भरलेल्या असतील तर शिपण्याची पाळी पुढे जाते. पिण्यासाठी आणि चहासाठी मे महिन्यात वेगळं पाणी आणतो.

शॉवर काढून टाकले नाहीत, त्यांना पाणी कमी सोडणारी तोंडं बसवली. वाडीच्या मागच्या दाराशी दोन नळ आणि बसायला दगड केला. समुद्रावरून येणाऱ्याने वाळू तिथेच काढून आत यायचं. मुलांना ते इतकं आवडतं की तिथून उठवावं लागतं, पण पाणी शॉवरच्या चौथाईनेही जात नाही.

नियमांचा दारामागचा कागद काढला. आता बुकिंग पक्कं होण्याआधी मी स्वतः फोनवर बोलते आणि मग व्हॉट्सॲपवर पाठवते: विहीर समुद्रालगत आहे, मे महिन्यात माणशी दिवसाला दोन बादल्या आणि समुद्रावरून आल्यावर मागचा नळ, पूल भरणं नाही, गाडी धुणं नाही, सांगितली तेवढीच माणसं, आणि प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र. त्याखाली आमच्यावरचा नियम: "न सांगता आम्ही पाणी बंद करणार नाही. करावंच लागलं तर अर्धा तास आधी प्रत्येक खोलीत येऊन सांगू." हा शेवटचा सासूबाईंनी घालायला लावला. गड्यालाही हे सगळं वाचून दाखवलं, आणि नाही म्हणायचा अधिकार त्यालाही दिला.

फोनवर हे ऐकून काहीजण बुकिंग करत नाहीत. पहिल्या मे महिन्यात पाच जणांनी नको म्हटलं. एकजण म्हणाला, सुट्टीवर येऊन बादल्या मोजायच्या का? मी त्याला म्हटलं, डिसेंबरात या, तेव्हा विहीर भरलेली असते. तो आला नाही. पण जे येतात ते जाणून येतात, आणि गेल्या दोन उन्हाळ्यांत पाण्यावरून आमच्या अंगणात आवाज चढलेला नाही. एका रिव्ह्यूत कुणीतरी विहिरीच्या चुन्याच्या रेघेचा फोटोही टाकला आहे. त्यांच्या मुलीने रोज सकाळी सासऱ्यांबरोबर जाऊन आकडा वाचला होता.

एक वाद मात्र मिटलेला नाही. सासऱ्यांचं म्हणणं, पोफळी आधी. 2020 च्या निसर्ग वादळात रायगड आणि दापोलीकडच्या वाड्यांचं काय झालं ते त्यांनी पाहिलंय, आणि पोफळ उभी राहायला किती वर्षं लागतात तेही त्यांना ठाऊक आहे. नवऱ्याचं म्हणणं, वर्षाची निम्मी कमाई मे महिन्यात होते, तेव्हा थोडी झाडं कमी शिपली तरी चालतील. दोघांचंही मला पटतं. तूर्त डाव्या हाताची शेवटची खोली दहा मेपासून पाऊस लागेपर्यंत कुलूप लावून ठेवतो.